आधी हाताला, मग तोंडाला: नवीन क्रीम, लेप, रंग घरी आजमावताना विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ताप-खोकल्याच्या गोळ्यांखालोखाल मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते तोंडाला लावायच्या क्रीमचे. विचारणाऱ्या बहुतेक जणी हळू आवाजात विचारतात. शेजारी कुणी पुरुष गिऱ्हाईक उभं असलं तर बोलतच नाहीत, मोबाइलवरची जाहिरात तेवढी पुढं करतात. दुकानात गर्दी असते, एकेकीशी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलणं होत नाही. त्या दोन मिनिटांत जे राहून जातं ते इथं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, आजार ओळखणं माझं काम नाही. नवीन वस्तू घरी स्वतःवर कशी आजमावायची, एवढं मात्र मी खात्रीनं सांगू शकते.

अक्का, नवीन क्रीम आणलंय. आजपासूनच तोंडाला लावू काय?

नको. आधी आठवडाभर हाताला लावा.

कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी मऊ असते आणि बाहीखाली झाकली जाते, तिथं रुपयाच्या नाण्याएवढी जागा ठरवा. हवं तर कडेला बॉलपेननं चार ठिपके द्या, म्हणजे उद्या जागा चुकणार नाही. तिथं सकाळी एकदा आणि रात्री एकदा ते क्रीम लावा. तोंडाला जेवढं जाड लावणार तेवढंच लावायचं. वर पट्टी बांधू नका, भांडी घासायच्या लगेच आधी लावू नका. असं सलग सात दिवस करायचं, शक्य असेल तर दहा.

फेसवॉश किंवा साबणाची गोष्ट वेगळी. तो तोंडावर जेवढा वेळ राहतो तेवढाच हातावर ठेवायचा आणि धुवायचा. फेसवॉश रात्रभर हाताला चोपडून ठेवला तर कुणाचीही कातडी तडकेल, त्यात त्या फेसवॉशचा दोष नाही.

सात दिवस का, हे पुष्कळ जणी विचारतात. ॲलर्जीची पुटकुळी लगेच येत नाही. शरीर ती वस्तू ओळखतं, मग त्याची प्रतिक्रिया उमटते, आणि त्याला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. कधी कधी त्याहूनही जास्त. म्हणून संध्याकाळी लावून सकाळी 'काही झालं नाही' म्हणणं घाईचं होतं. दुकानात परत आलेल्या पुष्कळ जणींचं असंच झालेलं असतं. सोमवारी लावलं, मंगळवारी ठीक, आणि गुरुवारी सकाळी डोळे सुजलेले.

एकच आडकाठी आहे. त्या जागेवर आधीपासून खाजेचं एखादं स्टेरॉईड मलम लावत असाल तर ही परीक्षा खोटी ठरते. ते मलम प्रतिक्रियेला दाबून टाकतं. दुसऱ्या हातावर करा.

हाताला काही झालं नाही म्हणजे तोंडालाही होणार नाही ना?

बहुतेकदा नाही, पण खात्री नाही. तोंडाची कातडी हाताच्या मानानं पातळ आणि पापणीची तर सगळ्यात पातळ. म्हणून हाताची परीक्षा झाल्यावर कानाखाली, जबड्याच्या कडेला तीन-चार दिवस लावून बघा. काही झालंच तर तिथं केसांखाली झाकतं.

शिवाय हातावर पिंपल्स येत नाहीत. एखादं तेलकट क्रीम हाताला झकास बसतं आणि तोंडावर पंधरा दिवसांत बारीक बारीक पुरळ उठतं. हे हातावरून कळायला मार्ग नाही, ते जबड्यावरच कळतं.

'लाल झालं तर थांबा' असं लिहिलंय. आमची कातडी सावळी, लाल दिसतच नाही. मग कसं ओळखायचं?

हा मला आलेला सगळ्यात शहाणा प्रश्न. विचारणारी खानापूरची एक कॉलेजची पोरगी होती. डब्यांवरच्या सूचना गोऱ्या कातडीला समोर ठेवून लिहिलेल्या असतात. आपल्याकडं तीच सूज तांबूस-काळपट, कधी जांभळट दिसते, कधी नजरेला काहीच दिसत नाही.

म्हणून बोटानं बघा. डोळे मिटून एकदा त्या जागेवरून आणि एकदा दुसऱ्या हाताच्या तशाच जागेवरून बोट फिरवा. कोमट लागतंय काय? खरखरीत, किंवा बारीक दाणेदार लागतंय काय? खाजतंय काय? तिथली कातडी ताणल्यासारखी वाटते काय? यातलं एक जरी 'होय' असलं तरी ती वस्तू बाजूला ठेवा.

आपल्या कातडीचं आणखी एक आहे. दाह होऊन गेला तरी मागं काळा डाग राहतो, आणि तो जायला महिने लागतात. गोऱ्या कातडीवर लाली चार दिवसांत उतरते, आपल्याला मात्र तेवढ्याच चुकीची किंमत दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मोजावी लागते. हाताच्या परीक्षेसाठी मी एवढी मागं लागते ती यासाठी.

थोडं चुरचुरतंय म्हणजे क्रीम काम करतंय, असं म्हणतात. खरं काय?

खोटं. फळांच्या आम्लाची किंवा व्हिटॅमिन सी ची काही द्रावणं लावल्यावर मिनिटभर चावल्यासारखं होतं आणि जातं, तेवढं समजू शकतं. पाच मिनिटांनंतरही जळजळ राहत असेल तर पाण्यानं धुऊन टाका. कळ सोसण्यात इथं काही मिळत नाही.

जळजळ आणि ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जळजळ लगेच होते, कुणालाही होऊ शकते, आणि प्रमाण कमी केलं की कमी होते. ॲलर्जी उशिरा येते, खाजते, आणि थेंबभरानंही येते. ती दहा वर्षं वापरलेल्या वस्तूचीही येऊ शकते. 'मी तर हेच लावत आले' म्हणून ती सुटत नाही. सुगंधी द्रव्यं, वस्तू टिकावी म्हणून घातलेले काही परिरक्षक आणि केसांच्या रंगातली रसायनं हे नेहमीचे गुन्हेगार.

एका सेटमध्ये फेसवॉश, टोनर, सीरम, क्रीम असं चारी एकदम आलंय. चारी चालू करू?

एकेक करून. एक वस्तू, किमान दोन आठवडे, मगच दुसरी. चारी एकदम लावलीत आणि पुरळ आलं, तर कुणामुळं आलं? चारी फेकून द्यावी लागतील. आणि तोंड उजळलं तरी कशानं उजळलं ते कळणार नाही, पुढं जन्मभर चारी विकत घ्याल.

एक वही ठेवा. पोरांची जुनी, अर्धी कोरी राहिलेली वही चालते. माझ्या वहीत चार रकाने आहेत: तारीख, काय लावलं, कुठं लावलं, काय वाटलं. चौथ्या रकान्यात मी एकाच शब्दात लिहिते: 'ठीक', 'कोरडं', 'खाज'. पाळीची तारीखही लिहा, कारण पाळीच्या आधीच्या आठवड्यात येणारे पिंपल्स बिचाऱ्या क्रीमच्या माथी मारले जातात. दर रविवारी एक फोटो काढायचा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, फोनची सौंदर्य खुलवणारी सोय बंद करून. आठवड्याआड दोन फोटो शेजारी ठेवले की जाहिरात काय म्हणते याला महत्त्व उरत नाही.

मोठी बाटली घेण्याआधी पाऊच मिळतो काय ते विचारा. एका पाऊचमध्ये हाताची आठवडाभराची परीक्षा आरामात होते. दुकानातल्या उघड्या टेस्टरमधली लिपस्टिक किंवा काजळ मात्र थेट ओठाला, डोळ्याला लावू नका. ते किती जणींनी लावलंय याचा हिशेब कुणाकडंच नसतो.

फरक किती दिवसांत दिसायला पाहिजे?

कोरड्या कातडीला मॉइश्चरायझरचा फरक एक-दोन दिवसांत. पिंपल्सच्या औषधाचा सहा ते आठ आठवड्यांत, कधी बारा. डागांचा त्याहून उशिरा. तरुणपणी कातडीचा वरचा थर नवा व्हायला सुमारे अठ्ठावीस दिवस लागतात आणि वय वाढेल तसा हा काळ लांबतो. म्हणून महिन्याच्या आत कुठल्याही डागाच्या क्रीमबद्दल मत बनवू नका.

पण मैत्रिणीला एका क्रीमनं आठ दिवसांत गोरं केलं! तेच द्या की.

इथं मी थांबते आणि गिऱ्हाईक परत पाठवते.

मी एकोणीस वर्षांची होते. चुलत बहिणीचं लग्न महिन्यावर आलं होतं. ओळखीच्या एका बाईनं पांढऱ्या डबीतलं क्रीम दिलं, डबीवर चिठ्ठी नाही, नाव नाही. पाचव्या दिवशी माझी आई म्हणाली, 'काय गं, तोंडावर तेज आलंय!' पिंपल्स गेले, डाग गेले. लग्नात प्रत्येकीनं विचारलं. लग्न झालं, डबी संपली, आणि चौथ्या दिवशी तोंड असं पेटलं की उशीला गाल टेकवता येईना. चुलीसमोर बसवेना. पुन्हा लावलं की शांत, सोडलं की आग. गालावर लाल बारीक शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली. त्वचेच्या डॉक्टरांनी डबीचा वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, 'यात स्टेरॉईड आहे.' पूर्ण निवळायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांतले फोटो मी ठेवलेले नाहीत.

स्टेरॉईड हे वाईट औषध नाही. योग्य आजारात, योग्य दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते वरदान आहे. पण ते दाह दाबतं आणि रंग फिका करतं, म्हणून पहिले पंधरा दिवस जादू वाटते. पुढं कातडी पातळ होते, उन्हात जळते, आणि त्या औषधाशिवाय राहीनाशी होते. त्वचेचे डॉक्टर या अवस्थेला वेगळ्या नावानं ओळखतात, इतकी ती आपल्या देशात सर्रास आहे.

आठ दिवसांत गोरं करणारं एकही प्रामाणिक क्रीम माझ्या पाहण्यात नाही. आणि सावळं असणं हा आजार नाही, हे मला काउंटरवरून मोठ्यानं सांगता येत नाही म्हणून इथं सांगते. २०२० साली देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध गोरेपणाच्या क्रीमनं आपल्या नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. नाव बदललं, पण मुलगी बघायला येणाऱ्यांचा प्रश्न अजून तोच आहे, आणि त्या प्रश्नाला भिऊनच पोरी माझ्याकडं येतात.

ट्यूबमध्ये स्टेरॉईड आहे की नाही, कसं ओळखायचं?

ट्यूब फिरवून बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांतलं एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉईड. लेबलच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ आणि 'आरएक्स' अशी खूण असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे. अशी लावायची स्टेरॉईड औषधं २०१८ साली केंद्र सरकारनं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी. तरी ती विकली जातात, हे मला माहीत आहे आणि मला त्याची लाज वाटते.

आणि ज्या डबीवर काहीच लिहिलेलं नाही तिच्यात काय आहे हे ओळखायला मलाही जमणार नाही.

आधीच लावत असाल तर? घाबरून एकदम बंद करू नका, आणि आपल्या मनानं चालूही ठेवू नका. ट्यूब बरोबर घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडं जा. किती महिने लावलं ते खरं सांगा. ते हळूहळू सोडवतात.

पावसाळ्यात जांघेत, काखेत गजकर्ण उठतंय. तेच पांढरं मलम लावलं तर जातंय की!

खाज जाते, गजकर्ण जात नाही. जांबोटी-कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, ओली चड्डी तशीच अंगावर सुकते, आणि बुरशीला आणखी काय पाहिजे? स्टेरॉईड मिसळलेलं मलम लावलं की वरची गोल कडा पुसट होते, आत बुरशी पसरत राहते. डॉक्टरांनाही मग ओळखू येत नाही. घरात एकाचं झालं की टॉवेलातून सगळ्यांचं होतं. हे घरी आजमावायचं काम नाही. डॉक्टरांना दाखवा, सांगितलेले पूर्ण दिवस औषध घ्या आणि टॉवेल वेगळे ठेवा.

बाहेरून आणलेलं परदेशी क्रीम चांगलं असतंय ना?

परदेशी म्हणून चांगलंही नाही, वाईटही नाही. लेबल बघा. भारतात विकायच्या सौंदर्यप्रसाधनावर बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, घटकांची यादी आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता असायला पाहिजे. आयात असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांकही. यातलं काही नसेल आणि वर नुसतं गोरेपणाचं वचन असेल, तर त्यात पारा असण्याची भीती आहे. पारा रंग बनण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा झटकन उजळतो. तोच पारा कातडीतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. त्याच टॉवेलाला तोंड पुसणाऱ्या पोरांनाही तो लागू शकतो. २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सनं प्रसाधनात पारा घालायला मनाई केली आहे. चुकून आलेला असला तरी अगदी नाममात्र प्रमाणाचीच मुभा. 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना एखाद्या क्रीमवर दिसली तर तिथंच ठेवून या.

घरचं सगळ्यात चांगलं. हळद, लिंबू, बेसन यांत काय केमिकल असतंय?

सगळ्यात. लिंबातलं आम्लही रसायनच आहे, आणि ते कडक आहे. सामू म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं आंबट. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास, कातडीचा साधारण पाच, आणि एकेक आकड्याला दहापट फरक. म्हणजे लिंबू तोंडाच्या कातडीपेक्षा हजारपट आंबट. त्यात लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर काही जणींना भाजल्यासारखे फोड येतात आणि मागं तपकिरी ओघळ राहतात. सोडा उलट टोकाचा, तो कातडीचं आम्लपणच मोडून टाकतो. टूथपेस्ट पिंपलवर लावायची पद्धत कुठून आली मला माहीत नाही, ती भाजते.

दुधावरची साय, बेसन, मसूर डाळीचं पीठ यांनी क्वचितच बिघडतं. फक्त जोरानं घासू नका. तोंड म्हणजे पितळेचा तांब्या नव्हे. मुलतानी माती तेलकट कातडीला बरी, पण पूर्ण वाळून तडकेपर्यंत ठेवली तर कोरडं करते. ओलसर असतानाच धुवा. कोरफडीचं पान कापलं की आधी पिवळा चीक गळतो, त्यानं खाज सुटते. पान उभं धरून तो गळू द्या, धुवा, मग आतला पारदर्शक गर घ्या. खोबरेल तेल अंगाला उत्तम, थंडीत हात-पाय फुटतात त्याला तर उत्तमच, पण पिंपल्सवाल्या तोंडाला नको.

हळदीनंही ॲलर्जी येते. थोड्या जणींना, पण येते. आणि सुटी हळद घेतली तर तिच्यात रंग मिसळलेला असू शकतो. सौंदत्तीच्या डोंगरावरून किंवा गावच्या लक्ष्मीच्या यात्रेतून आल्यावर अंगभर खाज सुटते म्हणून दरवर्षी लोक येतात. भंडारा आपल्याकडं श्रद्धेनं उधळतात आणि कपाळाला लागणं भाग्याचं मानतात, मीही मानते. जायच्या आधी तोंडाला, मानेला पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल लावा आणि आल्यावर न चोळता भरपूर पाण्यानं धुवा. दिवाळीच्या उटण्याचंही तसंच. नरक चतुर्दशीच्या पहाटे अंधारात पहिल्यांदा नवीन पुडी फोडण्यापेक्षा आठवडाभर आधी हाताला लावून बघा.

आईच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडलाय. कोड आहे काय?

डॉक्टर बघून सांगतील, पण टिकली आजपासून बंद करा. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाचं रसायन असतं, ते रंग बनवणाऱ्या पेशींनाच मारतं. लवकर थांबलं तर रंग परत येण्याची आशा असते. आई म्हणेल, 'रिकामं कपाळ कसं ठेवू?' तिला डाग सोडून दुसऱ्या जागी साधं कुंकू लावू द्या, तेही आधी हाताला लावून बघून.

केसांना रंग घरीच लावतो. दरवेळी परीक्षा करायची?

होय, दरवेळी. काळ्या रंगात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं आणि त्याची ॲलर्जी पंधराव्या वेळीही येऊ शकते. पुडीतला थोडा रंग सांगितल्याप्रमाणं कालवून कानामागं किंवा कोपरात लावा, वाळू द्या, अठ्ठेचाळीस तास वाट बघा. खाज आली तर तो रंग तुमच्यासाठी संपला. ही खाज दुसऱ्या वेळी डोळे मिटून जातील एवढ्या सुजेपर्यंत जाते. लग्नाच्या आदल्या रात्री मामा-काकांनी एकत्र बसून रंग लावला आणि वऱ्हाडाऐवजी दवाखान्यात गेले, असं मी पाहिलंय.

मेंदीचा रंग नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत चढतो. तासाभरात काळीकुट्ट होणारी मेंदी असेल तर तिच्यात बहुधा हेच पीपीडी घातलेलं असतं. यात्रेत, जत्रेत पोरींच्या हातावर ती काढू देऊ नका.

सनस्क्रीन शेतात जाणाऱ्या बाईला परवडतंय काय?

सगळ्यांत आधी डोईवरचा पदर, मोठी टोपी, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. ऊसतोडणीला, भाताच्या लावणीला हेच खरं सनस्क्रीन. ज्यांना वांग आहे किंवा डागाचं औषध चालू आहे त्यांनी मात्र तीस एसपीएफचं लावावंच, नाहीतर औषधाचे पैसे वाया. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढा, तेवढं तोंडाला आणि मानेला. कमी लावलं तर डब्यावरचा आकडा खोटा पडतो. उन्हात दर दोन तासांनी परत. ढगाळ दिवशीही किरणं येतात.

बोअरच्या पाण्यानं फेसच येत नाही, तोंड ताणतंय.

पाणी जड आहे. साबणाऐवजी सौम्य फेसवॉश वापरा, शेवटचा तांब्या साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या पाण्याचा घ्या, आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा.

रेटिनॉल, नियासिनामाइड, व्हिटॅमिन सी, सॅलिसिलिक. रीलमध्ये सगळ्या हेच सांगतात. मी काय घेऊ?

आधी तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. तेलकट तोंड, बारीक पुरळ असेल तर दोन टक्क्यांपर्यंतच्या सॅलिसिलिक आम्लाचा फेसवॉश. डाग असतील तर चार-पाच टक्क्यांचं नियासिनामाइड, दहा टक्के चावतं म्हणून जास्त गुणाचं असतंच असं नाही. व्हिटॅमिन सी ची बाटली तपकिरी झाली की टाकून द्या, ते बिघडलेलं असतं.

रेटिनॉलबद्दल जास्त सांगते, कारण सगळ्यात जास्त बिघाड त्याचा होतो. रात्री, कोरड्या तोंडावर, वाटाण्याएवढं. पूर्ण तोंडाला एवढंच. पहिला महिना आठवड्यातून दोनदा. डोळ्यांचे आणि ओठांचे कोपरे सोडायचे. सुरुवातीला थोडे सालपट निघतात, आधी जिथं पिंपल्स यायचे तिथंच काही जास्त येतात, ते महिना-दीड महिन्यात बसतं. पण जिथं कधीच येत नव्हते तिथं यायला लागले, किंवा खाज आली, तर ते त्या क्रीमचं बिघडवणं आहे, थांबा. सॅलिसिलिक आणि रेटिनॉल एकाच रात्री लावू नका.

गरोदर आहे. काय बंद करू?

रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अडापलीन आणि हायड्रोक्विनोन आजच बंद. दिवस राहायची वाट बघत असाल तरीही. बाकीचं डॉक्टरांना विचारून. या महिन्यांत वांग उठतो, बाळंतपणानंतर पुष्कळ जणींचा फिका होतो, तोवर नवीन काही आजमावू नका.

तान्ह्या बाळाला हळद-पिठानं चोळू?

नको. केस जात नाहीत, कातडी सोलते. कोमट पाणी पुरे.

दाढीनंतर माझ्या मानेला पुरळ येतंय, क्रीम द्या.

दादा, आधी ब्लेड बदला, केसांच्या दिशेनं दाढी करा, आणि तुरटी चार दिवस थांबवा. त्यानंतर या.

आलंच काही, तर काय करायचं?

साध्या पाण्यानं धुवा, थंड ओला फडका ठेवा, वर फक्त पेट्रोलियम जेली. बाकी सगळं बंद, अगदी घरचं सुद्धा. दोन दिवसांत उतरत नसेल, पाणी सुटत असेल, डोळ्याजवळ असेल तर डॉक्टर. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला तर १०८ ला फोन, एक मिनिटही थांबू नका.

बिम्सच्या, म्हणजे बेळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, जिल्हा रुग्णालयात त्वचेची तपासणी होते. पाट्या कन्नडमध्ये असतात म्हणून आमच्याकडच्या खेड्यातल्या मावश्या बिचकतात. कातडीला कन्नडमध्येही 'चर्म'च म्हणतात, तेवढा शब्द विचारला की लोक रस्ता दाखवतात. खाजेला 'तुरिके' आणि जळजळीला 'उरी' म्हणायचं. डबी, पाऊच, वही सगळं बरोबर न्या. 'कसलं तरी क्रीम लावलं' असं सांगितलं की डॉक्टरांचे हात बांधले जातात.

पावती आणि खोका असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. म्हणून हाताची परीक्षा संपेपर्यंत खोका फेकू नका.

तोंडाला न चाललेलं क्रीम पाचशे रुपयांचं आहे. टाकून द्यायला जीव होत नाही.

समजतंय मला. नुसतं तेलकट झालं किंवा पिंपल्स आले असतील तर टाचांना, कोपरांना लावून संपवा. ॲलर्जी आली असेल तर पायालाही नको आणि बहिणीलाही देऊ नका, तिची परीक्षा झालेली नाही. डब्यावर उघड्या झाकणाचं चित्र आणि आत सहा किंवा बारा आकडा असतो, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. उघडलेली तारीख झाकणाखाली पेननं लिहून ठेवा. आणि बिनचिठ्ठीची पांढरी डबी घरात असेल तर ती आधी डॉक्टरांना दाखवा, मग झाकण घट्ट लावून पोरांच्या हाताला लागणार नाही अशी टाकून द्या.